चार नावं मागितलीस म्हणून

उधना, सुरत

चि. भाच्यास,

परवा फोनवर म्हणालास, "मामा, खेळाडू असून पुढारी झालेली चार नावं सांगा, सत्काराच्या भाषणात टाकायचीत." आणि मग जाता जाता, आवाज खाली आणून, की पक्षाची माणसं दोनदा घरी येऊन गेली, महापालिकेसाठी तुझं नाव चाललंय. तेव्हा मी गप्प बसलो. फोनवर तू नुसतं "हो मामा, हो मामा" करतोस आणि ठेवून देतोस. म्हणून धाकट्याच्या हाती ही चिठ्ठी देतोय. शेवटपर्यंत वाच.

नावं आधी घे. चेतन चौहान. पुण्यात वाढला, गावसकरचा सलामीचा जोडीदार, पुढे अमरोह्यातून १९९१ आणि १९९८ असा दोनदा खासदार, नंतर उत्तर प्रदेशात मंत्री. २०२० मध्ये करोनाने गेला बिचारा. दुसरे बडोद्याचे फत्तेसिंहराव गायकवाड. रणजी खेळले, १९५७ साली लोकसभेत गेले, १९६३ साली क्रिकेट मंडळाचे अध्यक्ष झाले. पण लोकांनी मत गादीला दिलं, बॅटीला नव्हे, हे भाषणात सांगू नकोस. तिसरे कीर्ती आझाद, चौथा बडोद्याचाच युसूफ पठाण. झालं तुझं भाषण.

आता पाचवं नाव, जे तू मागितलं नाहीस आणि तुझ्या त्या पक्षवाल्यांनाही सुचणार नाही. बाळू पालवणकर. चर्मकार समाजातला डावखुरा फिरकीवाला. पुण्यात आधी पारशी क्लबात खेळपट्टी झाडायची, रोलर फिरवायचा, मग गोऱ्या साहेबांच्या जिमखान्यात नेट्समध्ये तासन्‌तास चेंडू टाकायचा. क्रिकेटवर पोट असलेला आपल्याकडचा पहिला मोठा माणूस म्हण. हिंदूंच्या संघात त्याला घेतलं, कारण त्याच्याशिवाय जिंकता येईना. पण चहाच्या वेळी त्याचा चहा मातीच्या कपात, तोही बाहेर. १९११ साली इंग्लंडला गेला आणि त्या दौऱ्यात ११४ बळी घेऊन आला. संघाचं कर्णधारपद मात्र त्याला कधी दिलं नाही. ते १९२३ साली त्याच्या भावाला, विठ्ठलला मिळालं.

हे सगळं तुला मी पूर्वी सांगितलंय, निलगिरी मैदानावरून तुला सायकलवर घरी आणताना. पण पुढचं सांगितलं नव्हतं, तू लहान होतास. १९३७ साली मुंबईत विधिमंडळाची निवडणूक लागली. डॉ. आंबेडकर उभे राहिले. त्यांना पाडायचं तर त्यांच्याच समाजघटकांत मान असलेला माणूस हवा होता. काँग्रेसने कोणाला शोधलं? साठीतल्या बाळूला! ज्याला मैदानात सगळ्यांबरोबर चहा पाजला नव्हता, त्याचं नाव आता मतपत्रिकेवर चाललं. आणि तरुणपणी आंबेडकर स्वतः बाळूच्या खेळाचे चाहते. निकाल लागला तेव्हा आंबेडकरांना १३,२४५ मतं आणि बाळूला ११,२२५. दोन हजारांचाच फरक. मला तर वाटतं, बाळू जिंकला असता तर जास्त वाईट झालं असतं, त्याचंही आणि आपलंही.

तुला वाटेल, मामा नव्वद वर्षांपूर्वीचं काय काढून बसलाय. मग २०२४ चं घे. तुझा युसूफ पठाण उभा राहिला कुठे? बडोद्यात? बंगालमध्ये, बहरामपूरला. तिथे अधीररंजन चौधरी १९९९ पासून निवडून येत होते, त्यांना पाडायला. पाडलं त्याने, ८५,००० हून जास्त मतांनी. जिंकला म्हणजे चांगलं झालं म्हणशील. मी एवढंच विचारतो, खेळाडूला बोलावणं येतं तेव्हा बहुधा कोणीतरी एक पडायचा असतो. तो कोण, हे तू विचारलंस का? आपल्याकडे एका वॉर्डात चार जागा, चौघांचं पॅनल. त्यात तू कशाला हवास? टेनिस बॉलवर तू मारलेल्या षटकारांसाठी की लिंबायत-डिंडोलीतल्या खान्देशी मतांसाठी? तेही सोड, आपल्यातलाच कोणी दहा वर्षं गटारीचे अर्ज घेऊन फिरतोय आणि त्याला बाजूला सारायचंय, असं तर नाही ना?

आणि खेळाडूला लोक डोक्यावर घेतात म्हणजे सत्ता देतात, हा भ्रम काढून टाक. मुंबई क्रिकेट संघटनेची निवडणूक म्हणजे खेळाडूंचं घरच ना? तिथे २००१ साली अजित वाडेकर शरद पवारांकडून हरले, आणि २०११ साली ११६ कसोट्या खेळलेला वेंगसरकर विलासरावांकडून. सचिनचं तर विचारूच नको. राज्यसभेत पाच वर्षं जवळजवळ गप्प, आणि डिसेंबर २०१७ मध्ये मुलांच्या खेळण्याच्या हक्कावर बोलायला उभा राहिला तर गोंधळात कोणी बोलू दिलं नाही. भाषण घरी बसून रेकॉर्ड करून टाकावं लागलं. सचिनला! तू तर अजून मार्केटमध्ये पार्सलं बांधतोस.

निवडून येशीलही. आलास समज. तर पहिल्या दिवशी निलगिरीवर सभेचे मांडव पडतात तेव्हा पोरांनी कुठे खेळायचं, हे विचारशील सभागृहात? तुझ्याच पक्षाच्या सभेचा मांडव असला तर? याचं उत्तर मला नको, तू स्वतःला दे.

राग मानू नकोस. तुझ्या वयात मलाही लूम्सच्या खात्यात युनियनवाल्यांनी पुढे केलं होतं. काय झालं ते तुझ्या आईला ठाऊक आहे, तिला विचार. तिला हे सगळं सांगितलंयस ना? तिचं बीपी पुन्हा वाढलंय, गोळ्या वेळेवर घेत नाही. गुडघा दाखवलास का? पट्टा बांधून खेळू नकोस म्हटलं होतं. सेठला सुट्टीचं विचारलंस का, का न सांगताच प्रचाराला जातोयस? दिवाळीच्या तोंडावर नोकरी गेली तर हप्ते कोण भरणार?

आणखी एक. काल उधना दरवाज्याजवळ तुझा हसरा फोटो असलेला मोठा बॅनर पाहिला. त्याचे पैसे कोण देतंय, ते मला खरं सांग.

तुझा,
मामा