तिथे कोण आहे तुमचं?

सकाळी उठल्यावर लोक आधी इन्स्टा उघडतात, मी रस्ते उघडते. वायोमिंगच्या वाहतूक खात्याचं एक ॲप आहे. त्यात हायवेवरच्या कॅमेऱ्यांची चित्रं दिसतात : लॅरमी, एल्क माउंटन, रॉलिन्स, मडी गॅप. बहुतेक वेळा चित्रात काहीच नसतं. डांबर, कुंपण, वाऱ्यानं आडवं झालेलं गवत. हिवाळ्यात तेही नसतं, नुसता पांढरा पडदा. पडदा दिसला की माझ्या पोटात गोळा येतो, कारण त्या रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला माझे मामा-मामी राहतात.

मी डेन्व्हरला नोकरी करते. ते दोघं लॅन्डर नावाच्या गावात. मधे साडेपाच-सहा तासांचा रस्ता, तोही हवा बरी असेल तर.

मामा १९८६ साली न्यू जर्सीत आला. औषधांच्या कंपनीत आयुष्य काढलं, घर घेतलं, मुलगा शिकून सिॲटलला गेला. रिटायरमेंटनंतर काय, याची उत्तरं आमच्या घरात ठरलेली होती. एक तर पुण्यात फ्लॅट, नाही तर मुलाजवळ, नाही तर आहे तिथेच, महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत मोदक वळत. मामानं चौथंच उत्तर काढलं.

त्याला कारण झालं २०१७ चं खग्रास सूर्यग्रहण. २१ ऑगस्टला सावलीचा पट्टा वायोमिंगच्या मधून गेला. मामा-मामी रिव्हर्टनजवळच्या एका माळावर खुर्च्या टाकून बसले होते. ग्रहण दोन-सव्वादोन मिनिटांचं. पण मामा सांगतो ते नंतरचं. उजेड परत आला, लोक गाड्या काढून निघून गेले आणि समोर विंड रिव्हरची डोंगररांग राहिली. "इतकी शांतता मी त्र्यंबकला लहानपणी ऐकली होती," असं तो म्हणाला. २०२१ मध्ये त्यानं न्यू जर्सीचं घर विकलं.

माझी आई म्हणजे मामाची धाकटी बहीण. तिनं नाशिकहून फोन केला. "दादा, तिथे कोण आहे तुमचं?"

मामाकडे हिशेब तयार होता. वायोमिंगमध्ये राज्याचा इन्कम टॅक्स नाही, म्हणजे पेन्शनवरही नाही. न्यू जर्सीत नुसत्या घरपट्टीपायी कंबरडं मोडायचं. पुण्याला जायचं तर मेडिकेअर, म्हणजे पासष्टीनंतरचा सरकारी आरोग्यविमा, भारतात चालत नाही. आयुष्यभर पगारातून त्याचे पैसे कापून दिले आणि गरज पडेल तेव्हा आपण नेमके बाहेर! त्याच्या वहीत सगळं होतं. आईच्या प्रश्नाचं उत्तर तेवढं नव्हतं.

वायोमिंग किती रिकामं आहे हे आपल्याला पटकन कळत नाही. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या चार पंचमांश. आणि २०२० च्या जनगणनेत माणसं ५ लाख ७७ हजार. एकट्या नाशिक शहरात २०११ सालीच १४ लाखांवर लोक होते. लॅन्डर साडेसात हजारांचं गाव. उंची साधारण ५,३५० फूट, म्हणजे गावातला मेन स्ट्रीटच जवळजवळ कळसूबाईच्या शिखराएवढा उंच, आणि खरे डोंगर तिथून वर सुरू होतात. गॅनेट पीक १३,८०० फुटांच्या पुढे.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा डिकीत कढीपत्ता, तूरडाळ, जाडे पोहे, गूळ आणि दोन किलो हिरव्या मिरच्या होत्या. रॉलिन्स सोडल्यावर सव्वाशे मैलांत गाव म्हणावं असं जवळजवळ काही नाही. वाटेत जेफ्री सिटी लागते. युरेनियमच्या खाणी जोरात होत्या तेव्हा तिथे काही हजार लोक राहायचे. भाव पडला, खाणी बंद झाल्या, गाव गेलं. रिकाम्या इमारती आणि फुटपाथ उरलेत. फोनला रेंज नव्हती. मी मनात म्हटलं, मामानं म्हातारपणी राहायला बरी जागा शोधली!

घरी पोचले तर अंगणात हरणं मामीच्या ट्यूलिपचे शेंडे खात उभी. मामी दारातूनच म्हणाली, "अगं, हाकलू नकोस. ऐकत नाहीत. मी आता त्यांच्यासाठीच लावते."

मामीबद्दल आमच्या सगळ्यांचं एक मत होतं : बिचारी. न्यू जर्सीत तिचं भजनी मंडळ, भिशी, नाटकाची तालीम, दर शनिवारी कुणाकडे तरी जेवण. इथे काय? मामाला शांतता मिळाली आणि मामीला शिक्षा झाली, असं आई म्हणायची. मीही म्हणायचे. मामीला विचारायचं मात्र कुणाला सुचलं नाही.

ती काय करते ते मला हळूहळू दिसलं. गावाजवळ सिंक्स कॅन्यन आहे. तिथे पपोझिया नावाची नदी (लिहितात वेगळं, म्हणतात असं) चुनखडीच्या गुहेत शिरते आणि गडप होते. सुमारे चारशे मीटरवर पुन्हा वर येते. एवढ्याशा अंतराला पाणी दोन तासांहून जास्त वेळ घेतं आणि जेवढं आत जातं त्याहून जास्त बाहेर येतं. मामी तिथे आठवड्यातून तीनदा चालायला जाते. वाचनालयात मुलांना गोष्टी वाचून दाखवते. गोधड्या शिवणाऱ्या बायकांच्या गटात आहे. त्यांना ती आपल्या गोधडीचा धावदोरा शिकवते, त्या तिला तुकडे जुळवायला शिकवतात.

तिथल्याच एका शोशोनी बाईनं तिला सांगितलं की ही जागा रिकामी नव्हती, रिकामी केली गेली. १८६८ च्या तहात शोशोनींना इथला मोठा प्रदेश मिळाला आणि चारच वर्षांत दक्षिणेकडचा भाग काढून घेतला गेला, कारण तिकडे सोनं सापडलं होतं. पुढे अरापाहो लोकांनाही त्याच राखीव भागात आणून ठेवलं. लॅन्डरमधून उत्तरेला निघालात की लगेच ती हद्द लागते. मामी मला म्हणाली, "तुझी आई विचारते इथे कोण आहे. इथे पुष्कळ लोक आहेत. आपल्याला दिसत नाहीत, एवढंच."

मग गेल्या वर्षीचा फेब्रुवारी आला.

रात्री नऊला मामाच्या छातीत दुखायला लागलं. मामीनं ९११ ला फोन केला, ॲम्ब्युलन्स लगेच आली. गावातल्या दवाखान्यात उपचार सुरू झाले. पण पुढची प्रोसिजर मोठ्या ठिकाणी करायची, म्हणजे कॅस्परला, दीडशे मैलांच्या आसपास. त्यासाठी छोटं विमान. आणि बाहेर बर्फाचं वादळ. विमान उडू शकत नव्हतं, रस्ता बंद होता.

मी डेन्व्हरला गाडीची किल्ली हातात घेऊन बसले होते. आय-८० बंद. आय-२५ बंद. वायोमिंगमध्ये हायवेवर रेल्वेसारखी फाटकं असतात, वादळात ती खाली येतात. विनंती, ओळख, रडणं, कशाचाही उपयोग नसतो. मी रात्रभर ॲपवरचे कॅमेरे रिफ्रेश करत राहिले. सिॲटलहून मामेभाऊ फोनवर, नाशिकहून आई फोनवर. तिघांपैकी कुणीही काहीही करू शकत नव्हतं. आईचं तेच वाक्य, या वेळी रडत : "तिथे कोण आहे गं त्यांचं?"

तिथे शेजारीण होती. सत्तरी ओलांडलेली, गुरं पाळणारी बाई. ती बर्फातून चालत दवाखान्यात आली आणि सकाळपर्यंत मामीचा हात धरून बसली. पहाटे वारा पडला, विमान मामाला घेऊन गेलं. रस्ता उघडल्यावर तिनंच मामीला पिकअपमध्ये घालून कॅस्परला नेलं. शोशोनी गाव सोडल्यावर जवळजवळ शंभर मैल तसं काही लागत नाही. तिच्या गाडीत ब्लँकेटं, फावडं, पाणी, खाणं होतं. तिथे हिवाळ्यात सगळ्यांच्याच गाडीत असतं. मी पोचले तेव्हा स्टेंट बसवून झाला होता आणि मामा चहा मागत होता.

वाचला. पण त्या रात्री वारा आणखी सहा तास टिकला असता, तर हा लेख वेगळा झाला असता. शेजारीण कितीही देवमाणूस असली तरी ती वारा थांबवू शकत नाही. हे मी विसरत नाही आणि कुणी तिथली शांतता विकत घ्यायला निघालं असेल तर त्यानंही विसरू नये.

पंधरा दिवसांनी आम्ही सगळे व्हिडिओ कॉलवर बसलो. घर विकायचं, सिॲटलला जायचं, असं जवळजवळ ठरलंच. मामा गप्प होता. मी म्हटलं, "मामी, तुझी तर सुटकाच होईल."

मामी म्हणाली, "मला कुणी विचारलंय का?"

कॉलवर शांतता.

"इथे येताना यांनी टेबलावर वही ठेवली, टॅक्सचा हिशेब दाखवला. मी मान हलवली. तेव्हाही कुणी विचारलं नव्हतं. आता निघायचं, तर तुम्ही चौघं ठरवताय. चार वर्षं झाली मला इथे. भाजीवाला ओळखतो, वाचनालयातली पोरं ओळखतात. सिॲटलला मला कोण ओळखतं? सूनबाई दिवसभर ऑफिसात. मी तिथे खिडकीत बसू?"

मग तिनं तिची अट सांगितली. अट साधी होती आणि आमच्यापैकी कुणालाच सुचली नव्हती. त्या प्रदेशात वय जन्मतारखेवर मोजत नाहीत, गाडी चालवता येते का यावर मोजतात. रिक्षा नाही. डॉक्टर, डाळ, दाढदुखी, सगळं गाडीच्या अंतरावर. आणि त्यांच्या घरात हायवेवर गाडी चालवणारा एकच माणूस होता, ज्याला डॉक्टरांनी काही आठवडे स्टिअरिंगला हात लावू नको म्हणून सांगितलं होतं. मामीकडे लायसन्स होतं, पण न्यू जर्सीत ती गाडी घेऊन देवळाच्या पुढे कधी गेली नव्हती.

"दोघांपैकी एकाला तरी रॉलिन्सपर्यंत गाडी नेता येते, तोवर आम्ही इथे," ती म्हणाली. "ज्या दिवशी नेता येणार नाही, त्या दिवशी निघायचं. तेव्हा यांनी वाद घालायचा नाही. आणि हिवाळ्याचे तीन महिने डेन्व्हरला भाड्यानं जागा घ्यायची. टॅक्सचे वाचलेले पैसे त्यात घालायचे."

मामानं तोंड उघडलं, मिटलं आणि वहीत लिहून घेतलं.

एप्रिल-मेमध्ये मी चार शनिवार-रविवार तिकडे गेले. सदुसष्ट वर्षांची मामी ड्रायव्हर सीटवर, मी शेजारी, मामा मागे. त्याला बोलायची बंदी. पहिल्या दिवशी ट्रक शेजारून गेला आणि वाऱ्यानं गाडी हलली तेव्हा तिनं बाजूला घेऊन पाच मिनिटं डोळे मिटले. चौथ्या वेळी ती जेफ्री सिटी, मडी गॅप ओलांडून रॉलिन्सला थांबली. पेट्रोल भरलं, कॉफी घेतली आणि तीच गाडी फिरवून परत लॅन्डरला आणली.

संध्याकाळी आईचा फोन आला. मामी वरणाला फोडणी देत होती. तिनं फोन स्पीकरवर टाकला. आई म्हणाली, "वहिनी, मला अजून काळजी वाटते हो."

"वाटू दे," मामी म्हणाली. "मलाही वाटते."

फ्रिजवर आता एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर मामीच्या अक्षरात दोन तारखा आहेत, एक मे महिन्यातली, एक ऑक्टोबरमधली. दर सहा महिन्यांनी दोघांनी आळीपाळीनं रॉलिन्सला गाडी न्यायची आणि आणायची. मी शेजारी बसणार आणि काय दिसलं ते खरं सांगणार. या ऑक्टोबरची पाळी मामाची आहे. गेल्या खेपेला संध्याकाळच्या उजेडात त्याला वळणावरची पाटी उशिरा दिसली होती. मी ते अजून कुणाला सांगितलेलं नाही. ऑक्टोबरमध्ये सांगावं लागेल.