पहिल्यांदाच जपानला निघताय? यादी थोडी छोटी करा

जपान म्हटलं की साकुराची फुलं, फुजी पर्वत, बुलेट ट्रेन आणि मुलांचा लाडका डोरेमॉन डोळ्यांसमोर येतो. घरात सहलीचा विषय निघाला की प्रत्येकाची यादी तयार असते आणि कुणाचंच मन मोडवत नाही. मग ८ दिवसांत ७ शहरं असा कार्यक्रम ठरतो. आम्हीही पहिल्या वेळी तसाच कार्यक्रम ठरवला होता. बरीच वर्षं पैसे साठवून निघालेल्या त्या सहलीतून जे शिकलो, ते तुमच्या कामी यावं म्हणून सांगते.

कधी जाल?

टोकियो आणि क्योटोत साकुरा साधारण मार्चच्या शेवटी फुलतो आणि एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत टिकतो. हा काळ सुंदर, पण गर्दीचा आणि महागडा असतो. मुलांच्या मेच्या सुट्टीत जाणार असाल तर २९ एप्रिल ते ५ मेच्या आसपासचा 'गोल्डन वीक' टाळा. तेव्हा जपानी लोक स्वतःच फिरायला बाहेर पडतात. जूनमध्ये पाऊस असतो, ऑगस्टमध्ये दमट उकाडा आणि सप्टेंबरमध्ये वादळांची भीती. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात क्योटोतली मेपलची पानं लालभडक होतात. दिवाळीनंतर रजा मिळत असेल तर हा काळ उत्तम.

जपानचा व्हिसा आधी घ्यावा लागतो आणि अर्जासोबत दिवसवार कार्यक्रमही द्यावा लागतो. त्यामुळे आराखडा सुरुवातीलाच नीट करा.

कुठे राहाल?

पहिल्या सहलीसाठी ९ रात्री धरा. टोकियोत ४, हाकोनेत १ आणि क्योटोत ४. येताना ओसाकाच्या कन्साई विमानतळावरून परतलात तर पुन्हा टोकियोला जायचा खर्च आणि अख्खा दिवस वाचतो.

टोकियोत असाकुसाचं सेन्सो-जी हे शहरातलं सर्वात जुनं देऊळ पाहा. इथली कान्नोन म्हणजे आपल्याकडचा अवलोकितेश्वर. मुलांना गिब्ली संग्रहालय पाहायचं असेल तर तिकिटं आधीच काढावी लागतात. दर महिन्याच्या १० तारखेला पुढच्या महिन्याची विक्री सुरू होते. हाकोनेत गरम पाण्याची कुंडं आहेत आणि आकाश निरभ्र असेल तर ३,७७६ मीटर उंचीचा फुजीही दिसतो. क्योटोतलं फुशिमी इनारी हे हजारो लाल तोरणांचं देवस्थान दिवसरात्र खुलं असतं. पहाटे गेलात तर वाट जवळजवळ रिकामी मिळते. क्योटोहून एका दिवसात हिरोशिमालाही जाऊन येता येतं. ६ ऑगस्ट १९४५ ला तिथे काय घडलं हे मुलांना पुस्तकाबाहेर समजतं, पण तिथलं संग्रहालय अगदी लहान मुलांना झेपणार नाही.

रेल्वेचा हिशेब

पूर्वी सगळेच परदेशी पर्यटक रेल्वे पास घ्यायचे. ऑक्टोबर २०२३ मध्ये ७ दिवसांच्या पासची किंमत २९,६५० येनवरून ५०,००० येन झाली. टोकियो ते क्योटो एकेरी तिकीट साधारण १४,००० येनचं आहे. म्हणजे वरच्या कार्यक्रमासाठी सुटी तिकिटंच स्वस्त पडतात. क्योटोकडे जाताना साध्या डब्यात 'ई' आसन मागा. फुजी त्याच बाजूला दिसतो. मोठ्या बॅगा हॉटेलमधूनच कुरिअरने पुढच्या हॉटेलला पाठवा. साधारण दुसऱ्या दिवशी पोहोचतात. ज्येष्ठांना घेऊन स्टेशनांचे जिने चढताना या सोयीची किंमत कळते.

शाकाहारी असाल तर

इथे खरी तयारी लागते. भाजीच्या पदार्थातही बऱ्याचदा 'दाशी' असते, म्हणजे सुक्या माशाचं पाणी. मिसो सूपही त्याला अपवाद नाही. त्यामुळे 'मांस नको' एवढं सांगून भागत नाही. मांस, मासे आणि दाशी काहीच चालत नाही, असं जपानीत लिहिलेला मजकूर फोनमध्ये ठेवा. बौद्ध मठांच्या परंपरेतलं 'शोजिन र्‍योरी' हे शाकाहारी जेवण क्योटोत एकदा तरी जेवा. टोकियोच्या निशी-कासाई भागात भारतीय वस्ती आहे. तिथे मराठीही कानावर पडेल आणि पोळी-भाजीही मिळेल. थेपले, चटण्या आणि मेतकूट सोबत असू द्या. सर्दीच्या काही औषधांवर जपानमध्ये निर्बंध आहेत, म्हणून नेहमीच्या गोळ्यांची आधी चौकशी करा आणि डॉक्टरांची चिठ्ठी जवळ ठेवा.

रीतभात

ट्रेनमध्ये फोनवर बोलू नका. टिप देऊ नका. रस्त्यावर कचऱ्याचे डबे फारसे नसतात, म्हणून पर्समध्ये एक पिशवी ठेवा. भातात काड्या उभ्या खोचू नका. तिथे मृत व्यक्तीसाठी ठेवलेल्या भातात त्या तशा खोचतात. जेवणाआधी सगळे हात जोडून 'इतादाकिमासु' म्हणतात. श्लोक म्हणून जेवणाऱ्या आपल्या घरांना हे लगेच आपलंसं वाटतं.

आणि ती एक दुपार

आमच्या यादीत नारा फक्त दोन तासांचं होतं. हरणांना बिस्किटं घालायची, तोदाई-जी मंदिरातला सुमारे १५ मीटर उंचीचा बुद्ध पाहायचा आणि ओसाका गाठायचं. रोजच्या पळापळीने सासूबाईंचे पाय सुजले होते आणि देवळं पाहून त्या कंटाळल्याही होत्या. तिथे नवऱ्याने त्यांना सांगितलं की इ.स. ७५२ मध्ये या मूर्तीचे डोळे रंगवण्याचा मान भारतातून आलेल्या बोधिसेन नावाच्या भिक्षूला मिळाला होता. त्याच्या हातातल्या कुंचल्याला दोऱ्या बांधल्या होत्या आणि जमलेल्या लोकांनी त्या धरल्या होत्या, म्हणजे डोळे उघडण्याच्या पुण्यात सगळ्यांचा वाटा.

सासूबाई तिथेच बसल्या. "इतक्या लांब आला होता तो, बोटीने," एवढंच म्हणाल्या. तासभर उठल्याच नाहीत. ओसाकाचा किल्ला राहिला तो राहिलाच. मी तेव्हा मनातून चिडले होते.

आज मात्र त्यांना जपानबद्दल कुणी विचारलं तर त्या बुलेट ट्रेनबद्दल बोलत नाहीत, त्या दोऱ्यांबद्दल बोलतात. म्हणून तुमचा कार्यक्रम आखून झाला की त्यातलं एक शहर कमी करा आणि तो दिवस कोराच ठेवा. त्या दिवशी तुमच्या घरातलं कुणीतरी कुठेतरी असंच बसून राहील. त्यांना उठवू नका.