श्रावणातला बर्फ

डिचोली, गोवा
श्रावण

चि. बाय हिस,
मामाचे अनेक आशीर्वाद.

बारामतीला सुखरूप पोचलीस, पुढच्या आठवड्यापासून सेस्ना १५२ वर धडे सुरू होणार, हे ताईने सांगितलं. तू इथे ठेवून गेलेलं जाडजूड पुस्तक मी गॅरेज बंद केल्यावर वाचतो. सगळीकडे तुझ्या पेन्सिलीच्या खुणा आहेत, फक्त बर्फाच्या प्रकरणात एकही नाही. निघताना म्हणालीसही, पेडण्याच्या पोरीला बर्फाचं काय! म्हणून हे पत्र.

तुझ्या विमानाची ही जात १९७७ ते १९८५ या काळात बांधली गेली आणि तिच्या इंजिनाला कार्बोरेटर आहे. माझ्याकडच्या नव्या पोरांना तो नीट खोलताही येत नाही. २०२० साली प्रदूषणाचे बीएस-६ नियम आले आणि नव्या गाड्यांना इंजेक्शनच बसलं. माझी उमेद मात्र कार्बोरेटरांतच गेली. पावसाळ्यात चालू मोटारसायकलच्या कार्बोरेटरला हात लावून बघ. शेजारचा सिलिंडर हात भाजेल इतका तापलेला आणि हा गार, अंगावर पाणी धरलेला. मडक्यातलं पाणी पाझरून गार होतं, तसंच पेट्रोलची वाफ होताना ती भोवतालची उष्णता ओढून घेते. शिवाय अरुंद गळ्यातून हवा जोरात जाते, तिचा दाब उतरतो आणि ती आणखी थंड होते. दोन्ही मिळून तापमान ३३ ते ३९ अंशांनी खाली येऊ शकतं, असं पुस्तकात दिलंय. बाहेर २८ अंश असले तरी आत शून्याखाली! हवेतली वाफ मग गळ्यातल्या बटरफ्लाय झडपेवर बर्फ होऊन बसते. बाहेर ३८ अंश आणि आर्द्रता ५० टक्के असली तरी हे घडू शकतं. इथे तर सध्या दोरीवरचे कपडे वाळायचं नाव घेत नाहीत. तेव्हा थंडी किती आहे ते नंतर बघ, आधी हवेतला ओलावा बघ. हवामान अहवालात तापमान आणि दवबिंदू शेजारी शेजारी असतात; त्यांच्यातलं अंतर जितकं कमी, तितकी तू जास्त सावध.

मला सर्वांत भीती वाटते ती उतरतानाची. थ्रॉटल ओढलेला असतो, बटरफ्लाय जवळजवळ मिटलेला, फट अगदी बारीक. थोडासा बर्फही ती बुजवतो. आणि ताकद तू स्वतःच कमी केलेली असल्यामुळे गेलेली ताकद जाणवत नाही. ती कळते जमिनीजवळ, पुन्हा थ्रॉटल पुढे ढकलल्यावर. एरवी आरपीएमचा काटा हळूहळू उतरताना दिसतो, मग इंजिन धडधडायला लागतं.

उपाय तुझ्या हाताशीच आहे. कार्ब हीटचा दांडा ओढला की एक्झॉस्टभोवतीची गरम हवा आत येते. पण नीट वाच: दांडा ओढल्यावर आधी सगळं बिघडतं. गरम हवा पातळ, म्हणून आरपीएम आणखी पडतो; बर्फ वितळून त्याचं पाणी इंजिनात जातं आणि ते खोकल्यासारखं करतं. नवशिक्याला वाटतं आपण चूक केली, आणि तो दांडा परत आत ढकलतो. तू ढकलू नकोस. पूर्ण ओढ आणि ओढलेला ठेव. थोड्या वेळाने काटा वर चढेल. जमिनीवर मात्र तपासणीपुरताच वापर, कारण ही हवा गाळणीतून येत नाही आणि बारामतीकडची धूळ इंजिनाला चांगली नाही.

पंखांवरचा बर्फ हे वेगळं प्रकरण. पावसाळ्यात गोव्यावर शून्य अंशाची रेषा साधारण पाच किलोमीटर उंचीवर, म्हणजे सोळा हजार फुटांच्या वर असते. १५२ ची मजल १४,७०० फूट, म्हणून इथे तू वाचलीस. पण मोपाच्या पठारावरच्या विमानतळावरून २०२४ च्या मार्चपासून फ्लाय ९१ कंपनीची एटीआर ७२ विमानं उडतात, आणि तू कधीतरी त्यांच्या कॉकपिटमध्ये बसावंस असं मला मनापासून वाटतं. त्या विमानांना ढगातले शून्याखाली जाऊनही न गोठलेले थेंब भेटतात आणि पंखाच्या कडेला आपटताच गोठतात. जाड सँडपेपरइतका खरखरीत थरसुद्धा पंखाची उचल ३० टक्क्यांपर्यंत घटवू शकतो. एटीआरच्या पंखांच्या कडेला रबरी पट्टे असतात. ते फुगले की बर्फ तडकून पडतो. १९९४ च्या ३१ ऑक्टोबरला अमेरिकेत रोझलॉनजवळ मोठे थेंब या पट्ट्यांच्या मागे जाऊन गोठले आणि एटीआर कोसळलं. ६८ माणसं गेली. ९ ऑगस्ट २०२४ ला ब्राझीलमध्ये विन्हेदोला एटीआर पडलं, ६२ जण गेले. प्राथमिक अहवालात वैमानिकांनी बर्फाचा उल्लेख केल्याची नोंद आहे. विन्हेदो उष्ण कटिबंधात मोडतं, आपल्यासारखंच, आणि विमान सतरा हजार फुटांवर होतं. हे मी तुला घाबरवायला लिहीत नाही. उष्ण देशातल्या वैमानिकाने हे प्रकरण सर्वांत आधी वाचायला हवं, असं मला वाटतं.

तुझ्या १५२ ला पंखावरचा बर्फ काढायची काहीच सोय नाही. हिवाळ्यात उत्तरेकडे गेलीस तर शून्य अंशाची रेषा बरीच खाली आलेली असेल. तेव्हा ढगात शिरायचा मोह धरू नकोस.

उड्डाणाआधीच्या रन-अपमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तपासणीत, कार्ब हीट ओढल्यावर आरपीएम किती उतरतो, ते शिक्षकांसमोर नोंदवून घे. प्रत्येक विमानाचा आकडा थोडा वेगळा येईल. तुझ्या विमानाचा मला कळव. ताईला फोन कर, वाट बघते.

तुझा,
मामा