रात्रपाळीची बॅटरी

थ्री-फेज लाईट रात्रीची असली की दारं धरायला उसात जावंच लागतं, आणि बॅटरीशिवाय उसात पाऊल टाकायचं नाही. आबांची तीन सेलांची होती, स्टीलची, हाणायलाही उपयोगी पडेल अशी जड. उजेड तांबूस होत आला की आबा सेल दुपारभर उन्हात ठेवायचे. तेवढीच एक रात्र निघायची.

आता माझी चार्जिंगची एलईडी आहे. आत एकच लिथियम सेल, 3.7 व्होल्टचा, बोटाएवढा. झोत पार लिंबाच्या शेंड्यापर्यंत जातो, पोरं त्यालाच भुलतात. पण घोणस काय शेंड्यावर बसत नाही. ती पाचटात असते, पाचटाच्याच रंगाची. तिथं पायापुढं चार हात पसरणारा उजेड पाहिजे.

डोक्याला बांधायची बॅटरी घेतली, तर दोन्ही हात खोऱ्याला मोकळे राहतात. किडे मात्र थेट तोंडावर येतात. शिवाय उजेड डोळ्याजवळूनच पडतो, त्यामुळं सावली दिसत नाही. सगळं पाचट सपाट वाटतं. हातातली गुडघ्याजवळ तिरपी धरली की सावल्या लांबतात आणि वेटोळं लगेच उठून दिसतं.

म्हणून मी दोन्ही नेतो. बायको म्हणते, "खाणीत निघालात का?"