अडुसष्टचे अठ्ठ्याहत्तर

८ जून २०१९, दुसरा शनिवार. बँकेला सुट्टी होती, त्यामुळे साडेबारापासूनच मी लॅपटॉप उघडून बसलो होतो. एक वाजता दहावीचा निकाल. बोर्डाच्या संकेतस्थळावर बैठक क्रमांक आणि आईचं नाव टाकायचं असतं. बापाला तिथे कोणी विचारत नाही. दीड वाजेपर्यंत नुसतं चक्र फिरत राहिलं आणि मग एकदम आकडा आला. ६८.४०.

मी काहीच बोललो नाही. नंतर बायकोला म्हणालो, ‘बघ, मी एका शब्दानं बोललो नाही त्याला.’ न बोलणं हाच माझा मोठेपणा आहे, असं मला खरोखर वाटत होतं. चिरंजीव बाजूला उभे होते. ‘पास झालो ना?’ असं काहीतरी हसत म्हणाला आणि कोणी हसत नाही म्हटल्यावर पाणी प्यायला आत गेला.

तेवढ्यात साताऱ्याहून ताईचा फोन. ‘काय रे, किती पडले?’

‘अठ्ठ्याहत्तर.’

जीभ जराही अडखळली नाही. फोन ठेवून वळलो तर तो स्वयंपाकघराच्या दारात, हातात तांब्या. त्यानं ऐकलं होतं. मी त्याच्याकडे बघितलं, त्यानं तांब्याकडे.

बाकीच्यांशी मात्र मला खोटं बोलण्याची गरज नव्हती, कारण त्या वर्षी खरंच सबब होती. भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे तोंडी परीक्षेचे वीस गुण बोर्डानं बंद केले होते, शिवाय दहावीचा अभ्यासक्रम नवा. राज्याचा निकाल ८९.४१ वरून ७७.१० टक्क्यांवर आला. हे आकडे मला अजून पाठ आहेत, कारण पुढचे दोन महिने बँकेत चहाच्या वेळी, सोसायटीच्या जिन्यात, न्हाव्याच्या खुर्चीत मी तेच म्हणत होतो. ‘अहो, यंदा सगळ्यांचीच बोंब आहे. वीस मार्क गेले ना मुलांचे.’ लोक मान डोलवायचे.

आमच्या गावच्या शाळेत मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर एक काळा फलक आहे. त्यावर दरवर्षी दहावीत पहिल्या आलेल्याचं नाव पांढऱ्या रंगात. १९८७ साली माझं आहे, ८४.५७ टक्के. गावी गेलो की काही ना काही निमित्त काढून मी पोराला शाळेवरून न्यायचो. एकदा तर शाळा बंद होती, तरी वॉचमनला सांगून आत नेलं. तो तेव्हा चौथीत होता आणि त्याचं सगळं लक्ष शाळेतल्या घंटेकडे होतं. रुळाचा तुकडा टांगलेली घंटा त्यानं कधी पाहिली नव्हती.

चाचणीत वीसपैकी पंधरा मिळाले की दप्तर न काढता तो आधी मला सांगायला यायचा. माझा पहिला प्रश्न ठरलेला असे, ‘हायेस्ट किती?’ सातवी-आठवीपर्यंत तो हायेस्टही सांगायचा. पुढे सांगायला येणंच बंद झालं, पेपर सहीसाठी रात्री टेबलावर ठेवलेला सापडायचा. मला वाटलं, मुलगा जबाबदार झाला.

प्रत्येक मुलात काहीतरी असतंच, असं व्याख्यानांत सांगतात. मी त्याचाही पिच्छा पुरवला. तबला झाला, बुद्धिबळ झालं, एका उन्हाळ्यात पोहण्याचा क्लास झाला. तबल्यात तो प्रवेशिका प्रथमपर्यंत गेला आणि थांबला, बुद्धिबळात तिसऱ्या फेरीत हरायचा, पोहायला मात्र शिकला, इतरांसारखंच. त्याच्यात दडलेलं काही नव्हतं आणि तो तसाच आनंदात होता. हे मला मार्कांपेक्षा जास्त झोंबायचं, हेही कबूल करतो. ‘मार्क नाहीत, पण बघा कसा वाजवतो’ एवढं म्हणण्याची सोय तरी त्यानं मला ठेवायला हवी होती!

अकरावीचा ऑनलाइन फॉर्म मी भरला. लॉगिन माझ्या मोबाइलवर, पासवर्ड माझा. दहा कॉलेजं पसंतीक्रमानं टाकायची होती. गेल्या वर्षीचे कटऑफ समोर ठेवून एका रात्रीत दहाच्या दहा भरली, सगळी कॉमर्सची. सायन्सला हा टिकणार नाही, आणि आर्ट्स हा शब्द आमच्या घरात कोणी उच्चारलाच नव्हता. सकाळी त्याला सांगितलं, ‘झालंय सबमिट.’ तो ‘बरं’ म्हणाला.

त्या सप्टेंबरात गौरीजेवणाला सगळे भावाकडे जमलो होतो. पंगतीत ताईनं त्याला मोठ्यानं विचारलं, ‘अठ्ठ्याहत्तर होते ना रे तुला? मग सायन्स का नाही घेतलंस?’ माझ्या हातात पुरणपोळीचा घास. दोन्ही वहिनी ऐकत होत्या.

‘अडुसष्ट गं आत्या,’ तो म्हणाला. ‘तुला फोनवर अठ्ठ्याहत्तर ऐकू आलं असेल.’

आणि त्यानं कटाची आमटी मागितली. ताईनं एकदा माझ्याकडे पाहिलं, मी पानाकडे. घरी परतताना स्कूटरवर मागे तो बसला होता. सॉरी म्हणायला पाऊण तास होता. मी त्याला पेट्रोल किती महाग झालंय ते सांगत राहिलो.

एवढं होऊनही माझी खोड गेली नव्हती. २०२० चा निकाल २९ जुलैला लागला. तोंडी गुण परत आले होते, भूगोलाचा पेपर तर टाळेबंदीमुळे झालाच नव्हता, आणि राज्याचा निकाल ९५.३०! भावाच्या मुलीला ९१. संध्याकाळी मी कपाटातून आमच्या पोराची गुणपत्रिका काढली आणि लाइटबिलाच्या पाठीमागे हिशेब मांडायला बसलो. ते वीस-वीस गुण त्याला मिळाले असते, तर किती झाले असते?

तेव्हा ती गुणपत्रिका मी पहिल्यांदा वाचली. वर्षभर मला फक्त टक्केवारी माहीत होती. मराठी ७४, इंग्रजी ५८, गणित ६१, विज्ञान ७१, सामाजिक शास्त्रे ७८. हिंदीत ५२. ज्या विषयांचे तोंडी गुण गेले म्हणून मी गावभर गळा काढला, त्यातल्याच दोन विषयांत त्याचे सगळ्यात जास्त गुण होते, तेही निव्वळ लेखी परीक्षेवर. गणिताला तोंडीसारखे वीस गुण शाळेच्या हातात होतेच, तिथे ६१.

तो मागे कधी येऊन उभा राहिला, कळलं नाही. माझी बेरीज बघून म्हणाला, ‘हिंदी धरू नकोस, बेस्ट ऑफ फाइव्हमध्ये ते येत नाही.’

मी पेन्सिल खाली ठेवली. ‘इतिहासाचा पेपर कसा गेला होता रे तुला?’

‘दहावीचा? आता विचारतोयस?’ तो हसला. ‘मस्त गेला होता. सांगणार होतो तेव्हा, पण तू गणिताचंच विचारत होतास.’