राशीखालची ओल

माझा धाकटा भाऊ फळं विकतो. कराडच्या मार्केटात पहाटे माल उचलायचा आणि मल्हारपेठ, पाटण, उंब्रजच्या आठवडे बाजारात नेऊन बसायचं, हा आमच्या बागवान घरातला जुना धंदा. अब्बांनी तो हातगाड्यावर केला, भावाने तीनचाकी डिझेल रिक्षा टेम्पोवर आणला. मी तेवढा शिकलो आणि मास्तर झालो. त्यामुळे घरात पैशाची गोष्ट निघाली की कागद आणि पेन माझ्यासमोर सरकवलं जातं. धंद्यातलं मला काही कळत नाही, पण बेरीज-वजाबाकी येते, असा घरच्यांचा विश्वास आहे.

गेल्या हिवाळ्यात एका रात्री इशाची नमाज झाल्यावर तो घरी आला आणि चपला काढता काढताच म्हणाला, "भाई, एक गाडी बघून ठेवलीय. छोटा हत्ती. 2014 ची. एक नव्वद सांगतोय."

छोटा हत्ती म्हणजे टाटा एस. 2005 मध्ये ही गाडी बाजारात आली आणि पाहता पाहता गल्लीबोळातली झाली. सातशे सीसीचं दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन, चार चाकं, मागे छोटा हौदा, साडेसातशे किलो वजनाची क्षमता. तीनचाकीवाल्याला चारचाकीचा मालक करणारी गाडी. भावाच्या मनात ती कितीतरी वर्षं होती, हे मला ठाऊक होतं. रस्त्याने जाताना तो दुसऱ्याच्या गाडीच्या हौद्याकडे जसा बघतो, तसं लोक दुसऱ्याच्या बंगल्याकडे बघतात.

त्याचा बेत पक्का होता. तीनचाकी विकायची, उरलेले पैसे उभे करायचे आणि आठवड्यातून दोनदा कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला माल न्यायचा. कराड ते चिपळूण शंभरेक किलोमीटर. तिकडे भाव बरा मिळतो. तीनचाकी त्या घाटात न्यायची म्हणजे जिवाशी खेळ.

रविवारी आम्ही गाडी बघायला गेलो. सोबत आमचे जुने मिस्त्री अण्णा. गाडी धुऊनपुसून उभी होती. हौद्याला नवा निळा रंग, काचेवर लिंबू-मिरची, टायरला काळं पॉलिश. मालक अदबीने बोलला, चहा मागवला. अण्णांनी चहाला हात न लावता आधी इंजिनला तळहात लावून बघितला. इंजिन गरम होतं.

"सकाळी फिरवून आणली काय?" त्यांनी विचारलं.

"जरा भाजी आणायला गेलो होतो."

अण्णा काही बोलले नाहीत. नंतर त्यांनी मला समजावलं. "गुरुजी, जुनं डिझेल इंजिन बघायचं तर थंड बघायचं. गरम इंजिन कुणाच्याही एका सेलला चालू होतं. रात्रभर थंडीत उभ्या गाडीला किती सेल मारावे लागतात, त्यावर तिचं वय कळतं."

मग त्यांनी इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण काढलं. आतून धूर भकाभका वर आला. त्यांनी झाकण उलटं करून तोंडावर नुसतं ठेवलं, तर ते थडथड उडायला लागलं. याला मिस्त्री लोक बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर झिजले की वर फुटणारा दाब खाली ऑइलच्या टाकीत उतरतो. अण्णांनी खाली वाकून पाटे बघितले. एका बाजूला एक पान जास्तीचं चढवलेलं होतं. निळ्या रंगाखाली चासीला, पाटे धरतात तिथे, वेल्डिंगची रेघ होती.

ती रेघ बघताना मला एक जुनी गोष्ट आठवली. आपल्यापैकी बहुतेकांनी ती मदरशात किंवा जुम्म्याच्या बयानात ऐकलेली असते. पैगंबर (स.) बाजारातून जात असताना त्यांनी धान्याच्या एका राशीत हात घातला आणि बोटांना ओल लागली. वरचं धान्य कोरडं, खालचं भिजलेलं. विकणारा म्हणाला, पावसाने भिजलं. त्यावर त्यांचा सवाल साधा होता, की मग भिजलेलं वर का नाही ठेवलंस, लोकांना दिसलं असतं. फसवणाऱ्याला त्यांनी तिथेच आपल्यातून वेगळं काढलं. या गोष्टीतला हात मला आजवर विकणाऱ्याविरुद्धचा वाटत होता. त्या दिवशीही मी तो निळ्या गाडीच्या मालकाकडेच रोखला.

परत येताना भाऊ गप्प होता. मग म्हणाला, "इंजिनचं काम करून घेऊ. भाव पाडून मागू." त्याचं चुकत नव्हतं. ही जुन्या पंपाची गाडी, सेन्सरची भानगड नाही, गावातला मिस्त्री खोलून पुन्हा बांधू शकतो. कागदपत्रंही मी तपासली होती. आरसी बुकवर फायनान्स कंपनीचा बोजा अजून होता. कर्ज फिटलंय असं मालक म्हणत होता, पण कंपनीची एनओसी आणि फॉर्म 35 हातात आल्याशिवाय गाडी नावावर होत नाही. आठ वर्षं उलटलेल्या मालगाडीला दर वर्षी पासिंग करावं लागतं, महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा, आणि पासिंगची मुदत दोन महिन्यांत संपत होती. दोन गोष्टी मात्र आमच्या बाजूने होत्या. तीन टनांच्या आतल्या मालगाडीला परमिट लागत नाही. आणि साध्या एलएमव्ही लायसन्सवर अशी गाडी चालवता येते, हे सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने नोव्हेंबर 2024 मध्ये पक्कं केलंय.

अम्मीचा प्रश्न कागदाबाहेरचा होता. "रात्री जाणार ना तू घाटातून? वरून ताडपत्री बांधून?"

तिने पुढे काही म्हटलं नाही, आम्हीही विचारलं नाही. आमच्या घराचा जनावरांच्या धंद्याशी कधी संबंध आला नाही. पण 2015 मध्ये राज्यातला गोवंश हत्याबंदीचा कायदा कडक झाल्यापासून, ताडपत्री बांधलेली छोटी गाडी रात्री रस्त्यावर असली आणि चालवणाऱ्याला दाढी असली, की तिच्याकडे बघणाऱ्या काही नजरा बदलल्या आहेत. हे सगळेच रस्ते, सगळीच माणसं अशी आहेत असं मी म्हणणार नाही. घाटात बंद पडलेल्या गाडीला धक्का मारायला उतरणारे त्याहून जास्त असतात. पण आईला सरासरी सांगून चालत नाही.

भावाने थोडा विचार केला. "ताडपत्री नाही, जाळी बांधीन. आत संत्री आहेत, हे लांबून दिसलं पाहिजे." तो हसत म्हणाला, म्हणून आम्हीही हसलो. पण माल झाकून नेणं हा फळवाल्याचा पहिला धडा असतो. तो त्याने तिथल्या तिथे सोडून दिला, हे मला रात्री अंथरुणावर पडल्यावर जाणवलं.

मग पैसे. तीनचाकीचे ऐंशी हजार येतील असा अंदाज. वरचे एक लाख दहा हजार कुठून? जुन्या गाडीवर कर्ज देणाऱ्या एजंटने चोवीस हप्ते सांगितले, दर महिना पाच हजार सहाशे. "फक्त अकरा टक्के," तो म्हणाला. मी गणिताचा मास्तर. हप्ता फेडत जाऊ तसं मुद्दल कमी होतं, पण हा व्याज लावतो शेवटपर्यंत पूर्ण एक लाख दहा हजारांवर. खरा दर काढला तर जवळपास वीस टक्के पडतो. भाऊ म्हणाला, "अकरा काय नि वीस काय, सूद तो सूद. मला नको."

इथे मी गप्प बसलो. माझं घर पतसंस्थेच्या कर्जावर उभं आहे. नोकरदाराला पगारातून कापून जाणारं व्याज दिसत नाही, म्हणून तो त्याबद्दल फार बोलत नाही. हलाल-हरामचा भार दर वेळी हातगाडीवाल्यानेच का उचलायचा, असं मनात आलं. मी म्हणालो, साठ हजार मी देतो, जमेल तसे परत कर. उरलेले तो भिशी उचलून आणणार होता. अम्मीने न बोलता बांगड्यांकडे बघितलं. आम्ही दोघांनीही एकदमच "नाही" म्हटलं.

तीनचाकी बघायला कांदे-बटाटे विकणारा एक तरुण आला. वीस-बावीसचा असेल. पहिलंच वाहन घेत होता. भावाच्या गाडीचा दुसरा गिअर चढावर सुटतो. लिव्हर हाताने धरून ठेवलं की चालतं. सपाट रस्त्यावर चक्कर मारली तर कुणाला कळणार नाही. पोराने सपाट रस्त्यावरच चक्कर मारली आणि खूश होऊन आला.

भाऊ माझ्याकडे बघत होता. खरं सांगतो, मी नजर चुकवली. माझ्या डोक्यात बेरीज चालली होती. ऐंशीचे पासष्ट झाले तर पंधरा हजार आणखी कुठून आणायचे?

भाऊ पोराला म्हणाला, "एकदा त्या पुलाकडच्या चढाला घेऊन जा. दुसरा गिअर सुटतो. काम करावं लागेल."

पोरगा चढावर जाऊन आला, विचार करून सांगतो म्हणाला आणि निघून गेला. तेव्हा मला कळलं की राशीत घालायचा हात आधी आपल्या राशीत घालायचा असतो. निळ्या रंगाखालची रेघ बघून मी मालकाला मनात किती बोललो होतो, आणि आठ दिवसांत मीच रंगाचा डबा घेऊन उभा होतो.

त्या रात्री मी चिपळूणचा हिशेब पुन्हा मांडायला घेतला. आधीचा हिशेब भावाने तोंडी सांगितला होता आणि मी नुसता लिहून घेतला होता. पन्नास कॅरेट, खर्च सोडून कॅरेटमागे सत्तर रुपये जास्तीचे, म्हणजे साडेतीन हजार. जाऊन-येऊन डिझेल तेराशे, सोबतच्या पोराचे पाचशे, जेवण आणि जागेचे दोनशे. दोन हजार गेले, दीड हजार उरले. छान दिसत होतं.

"एका कॅरेटचं वजन किती?" मी विचारलं.

"भरलेलं बावीस किलो."

पन्नास गुणिले बावीस. अकराशे किलो. गाडीची क्षमता साडेसातशे. निळ्या गाडीला जास्तीचं पान का चढवलं होतं आणि चासी कुठे का तडकली होती, याचं उत्तर आमच्याच वहीत होतं. तो मालकही असाच हिशेब करत आला असणार.

"चौतीस कॅरेट भर, मग सांग."

चौतीस गुणिले सत्तर, दोन हजार तीनशे ऐंशी. खर्च दोन हजार. उरले तीनशे ऐंशी. त्यातून टायर, ऑइल, विमा, पासिंग.

भाऊ म्हणाला, "सगळेच भरतात भाई."

दुसऱ्या दिवशी आम्ही अण्णांना विचारलं. ते म्हणाले, "इंजिनची तू काळजी करू नको. जाताना उतार आहे, येताना रिकामी आहे. इंजिन दमेल, बंद पडेल, तू रस्त्याकडेला उभा राहशील. पण भरलेली गाडी घाट उतरताना सगळं वजन ब्रेकवर येतं. ड्रम तापले की पॅडल दाबलं तरी गाडी धरत नाही. पावसात, धुक्यात अकराशे किलो मागून ढकलतंय, तेव्हा बघ."

अण्णांनी आवाज चढवला नाही. पण भावाने त्यानंतर चिपळूणचं नाव काढलं नाही.

आम्ही ती गाडी घेतली नाही. गाडी वाईट होती म्हणून नव्हे. भाव पाडून, इंजिन बांधून ती चालली असती. पण आमचा हिशेब वरून कोरडा आणि खालून ओला होता. जास्तीचे सोळा कॅरेट भरले तरच तो जमत होता, आणि ते सोळा कॅरेट आम्ही एजंटपासून नव्हे, मालकापासून नव्हे, स्वतःपासून लपवले होते. जुनी गाडी घ्यायला निघालेल्या कुणाला माझ्यासारख्या अडाण्याने काही सांगायचं झालं तर एवढंच सांगेन. इंजिन थंड असताना बघा, बोजा उतरल्याचा कागद हातात घ्या, आणि आरसी बुकवर लिहिलेल्या वजनातच धंदा परवडतो का, हे घरी बसून मांडा. तिसरी गोष्ट बघायला मिस्त्री लागत नाही, पण तीच सगळ्यात कमी बघितली जाते.

गोष्ट इथे गोड संपली असती तर बरं झालं असतं. कांदेवाला पोरगा परत आला नाही. भावाने तीनचाकीचा गिअरबॉक्स नऊ हजार खर्चून बांधून घेतला आणि रमजानचा हंगाम तिच्यावरच काढला. कलिंगड, खरबूज, पपई, इफ्तारच्या आधीच्या दोन तासांत जेवढं विकता येईल तेवढं. हंगाम बरा गेला. भिशी चालू आहे. पुढच्या वर्षी थोडी नवी, थोडी मोठी गाडी बघायची, इन्शाअल्लाह, चौतीस कॅरेटवर नव्हे, तर तिच्या कागदावर जेवढे बसतील तेवढ्यावर परवडेल अशी.

आणि ती निळी गाडी? ती कुणीतरी घेतली. अधूनमधून मार्केटच्या गेटवर दिसते. धूर सोडते, पण धावतेय. दिसली की भाऊ माझ्याकडे वळून बघतो, काही बोलत नाही. मीही बोलत नाही. फक्त ती वळून दिसेनाशी होईपर्यंत हौद्यात किती कॅरेट आहेत ते मोजत राहतो, आणि चालवणाऱ्यासाठी मनात दुआ करतो.