उमरोळीची थंडी आणि शेतावरची रात्र

पालघर आणि बोईसर यांच्या मध्ये उमरोळी हे लहानसे स्थानक आहे. २०१३ साली उपनगरी गाड्या डहाणूपर्यंत धावू लागल्या आणि मुंबईकरांना हा परिसर जवळचा झाला. पाठीवर पिशव्या अडकवून कोणी काळदुर्ग वा अशेरीगडाकडे वळतात, कोणी केळव्याच्या किनाऱ्याकडे, तर कोणी ओळखीच्या शेतावर रात्र काढतात. अलीकडे या मंडळींत आजी-आजोबाही दिसतात. मला हे मनापासून आवडते. साठीनंतर घराबाहेर पडूच नये असे सांगणाऱ्या डॉक्टरांपैकी मी नाही.

उमरोळीची थंडी जव्हार-मोखाड्याइतकी बोचरी नव्हे. समुद्र जवळ असल्याने जानेवारीच्या पहाटेही पारा फारसा खाली जात नाही. ‘एवढ्या थंडीने काय होणार?’ असे आपणांस वाटेल. परंतु उतारवयात त्वचेखालील चरबी विरळ होते, कुडकुडून ऊब निर्माण करण्याची शक्ती मंदावते आणि गारठा जाणवणेही कमी होते. म्हणून काळजी घेणाऱ्याने ‘थंडी वाजते का?’ एवढे विचारून थांबू नये. कपड्याखाली पोटावर हात ठेवून पाहावे. पोट गार लागले, बोलणे अडखळले, एरवी तल्लख असणारी व्यक्ती गोंधळली, तर ओले कपडे बदलावेत, अंगाभोवती पांघरूण गुंडाळावे आणि विनाविलंब रुग्णालय गाठावे. शरीराचे तापमान ३५ अंशांखाली जाणे धोक्याचे असते. घरातला पाऱ्याचा तापमापक बहुधा तिथूनच पुढे मोजतो; तेव्हा ‘ताप नाही’ म्हणून निश्चिंत होऊ नये.

ऊब मुळात अन्नातून मिळते आणि या बाबतीत हा मुलूख श्रीमंत आहे. भातकापणीनंतर जमिनीतील ओलाव्यावर वाल येतो, आणि मग शेतावर उकडहंडी लागते. वालाच्या शेंगा, कोनफळ, रताळी, वांगी, कच्ची केळी हे सारे खोबरे-कोथिंबिरीच्या हिरव्या वाटणात घोळवून मडक्यात भरतात, तोंड पाल्याने बंद करतात आणि मडके उपडे ठेवून भोवती जाळ करतात. पाणी न घालता भाज्या स्वतःच्या वाफेवर शिजतात. दात नसलेल्यालाही खाता येईल इतक्या त्या मऊ होतात. मधुमेह्यांनी कंदांचे प्रमाण बेताचे ठेवावे. मूत्रपिंडाचा विकार असल्यास आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे, कारण या कंदांत पोटॅशियम भरपूर असते. हंडीचा बेत नसेल तर तांदळाची गरम पेज किंवा नागलीची आंबील थर्मासमध्ये भरून न्यावी.

ताडीने अंगात ऊब येते, हा समज मात्र चुकीचा आहे. मद्यार्काने त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात. चेहरा गरम लागतो, पण आतली उष्णता बाहेर निघून जाते.

आता या लेखाचे खरे कारण. हंडी उतरते, निखारे फुललेले असतात आणि कोणीतरी प्रेमाने म्हणते, ‘आजोबांसाठी शेगडी खोलीत ठेवू या.’ ती ठेवू नका. स्वयंपाकाचा स्टोव्हही तंबूत पेटवू नका, तंबूचे दार किंचित उघडे असले तरी नाही. अशा जळणातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोके जड होते, मळमळते, झोप येते आणि त्या झोपेतून माणूस उठत नाही. एकाच खोलीतील दोघा-तिघांचे डोके एकदम दुखू लागले, तर अपचन समजू नका. सर्वांना मोकळ्या हवेत आणा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.

त्याऐवजी अंथरुणाखाली भाताचा पेंढा किंवा जाड सतरंजी घालावी. जमीन वरच्या हवेहून अधिक ऊब शोषते. कानटोपी, कोरडे पायमोजे आणि एका जाड स्वेटरपेक्षा दोन-तीन पातळ थर हवेत. गरम पाण्याची पिशवी कापडात गुंडाळूनच द्यावी. मधुमेहाने बधिर झालेल्या पायांना चटका कळत नाही.

रात्री उठावे लागू नये म्हणून ज्येष्ठ संध्याकाळपासून पाणीच पीत नाहीत. थंडीत लघवीचे प्रमाण वाढते, त्यात हे. मग पहाटे उठताना चक्कर येते. पाणी प्यावे, उशाशी विजेरी आणि काठी ठेवावी, उठताना क्षणभर अंथरुणावर बसावे. फेरफटक्याची घाई नको. ऊन अंगणात आल्यावर, चहा आणि सकाळच्या गोळ्या घेऊन निघावे.